सहाव्या फेरीचा हिशोब

प्रिय,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. ‘ताई, ट्रायथलॉनमध्ये लॅप झाले. सोडून देऊ का?’ मी जागीच होते, पण उत्तर दिलं नाही. हरलेल्या रात्री माणसाला जेवण आणि झोप लागते, शहाणपण नाही, आणि तू दोन्ही घेतलं नसणार हे मला ठाऊक होतं. आज चार दिवस झाले. चहाचा कप घेऊन बसले आहे, सावकाश लिहिते.

आधी आकडे बघू, कारण त्यांच्यावर तुझा विश्वास माझ्यापेक्षा जास्त आहे. पोहणं, सायकल आणि मग धावणं, असा लागोपाठचा तुझा खेळ. 1500 मीटर पोहून तू पहिल्या मुलीपेक्षा साडेतीन मिनिटं मागे बाहेर आलीस. म्हणजे 210 सेकंद. सायकलच्या 5 किलोमीटरच्या 8 फेऱ्या होत्या. पुढचा घोळका एक फेरी साडेसात मिनिटांत मारत होता आणि तू एकटी वारा कापत दर फेरीला 40 सेकंद घालवत होतीस. सहा फेऱ्यांचे 240 झाले. बेरीज कर. 450 सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटं, म्हणजे अख्खी एक फेरी. पुढच्या मुली मागून येऊन तुला गाठणार, म्हणजे तू लॅप होणार, पंच शिट्टी वाजवणार आणि तुला बाजूला घेणार, हे पाण्यातून बाहेर पडतानाच जवळपास ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, ‘चौथ्या फेरीला मी मनानं हरले.’ मनाचा काही संबंध नव्हता गं. घोळक्याच्या आडोशाला सायकल मारणाऱ्याची पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. आठ-दहा जणी आळीपाळीनं पुढे येऊन वारा अंगावर घेत असताना मागे एकटी राहिलेली मुलगी कितीही जिद्दीची असो, हे गणित काही बदलत नाही.

तेव्हा सायकलचं दुःख करू नकोस. तुझी शर्यत पाण्यातल्या पहिल्या बोयाला, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेला गेली. व्हिडिओ मी तीनदा पाहिला. पॉन्टूनवरून, त्या तरंगत्या फलाटावरून सूर मारलास तो उत्तम होता. पहिले 200 मीटर तू मधल्या गटात होतीस. बोया आला, पन्नास-साठ हातपाय एका वळणावर आले, कुणाची तरी लाथ तुझ्या गॉगलवर बसली आणि तू बाहेरच्या बाजूला सरकलीस. सभ्य मुलगी! लेनच्या दोरीमध्ये वाढलेली प्रत्येक पुणेकर पोहणारी हेच करते, मीही केलं आहे. तिथे दहा सेकंद गेले. त्या दहा सेकंदांत पुढच्या मुलींच्या पायांमागचा फेस सुटला, पाण्यातला आडोसा तोच, आणि तो सुटला की पुढचे 1200 मीटर एकटीनं पाणी ओढायचं. यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. टाकीत दोऱ्या काढून एका लेनमध्ये चौघींना घालायचं आणि एकमेकींना ढकलत वळायला लावायचं. शिवाय डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर सागरी जलतरणाची स्पर्धा असते, तिथे तुला या वर्षी मी पाठवणारच आहे. खारं पाणी, लाटा आणि अंगावर येणारी शाळकरी पोरं. तिथली पोरं बोयाला कुणाची गय करत नाहीत.

पण खरं सांगू का, बोया हेही पूर्ण कारण नाही. मला खटकलंय ते वेगळंच.

जानेवारीत टाकीत तू 1500 मीटर ज्या वेळात पोहत होतीस, त्यापेक्षा आता जवळपास मिनिटभर हळू आहेस. मध्ये काय घडलं? राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळालं. चौकात फ्लेक्स लागला, त्यात तुझ्या फोटोपेक्षा नगरसेवकांचा मोठा होता. सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. आणि सत्काराच्या दुसऱ्याच आठवड्यात तू आठवड्याच्या तीन रनच्या चार केल्यास. मला न विचारता. रात्रीचा भात बंद केलास. ‘हलकी झाले की शेवटचे 10 किलोमीटर उडेन,’ असं तू डब्याच्या वेळी म्हणालीस तेव्हा सगळ्या हसल्या, मीही हसले. तिथेच तुला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, कारण तेव्हा तुझे धावण्याचे आकडे खरोखरच सुधारत होते. सुरुवातीला सुधारतातच, फसगत होते ती तिथेच. हा दोष माझा आहे, तो तुझ्या खात्यावर मांडू नकोस.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. तेविसाव्या वर्षी एक मोठी शर्यत जिंकले आणि तेव्हाच्या प्रशिक्षकांनी पाठ थोपटत सांगितलं, ‘आता तीन किलो उतरव, मग बघ.’ मी उतरवले. पाळी थांबली, तर आम्हा मुलींमध्ये ती कौतुकाची गोष्ट होती. कटकट गेली म्हणायचो! पाच महिन्यांनी नडगीत दुखायला लागलं. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. एक हंगाम गेला, आणि पुढच्या वर्षी धावताना पाय टाकायची जी भीती बसली ती कधीच पुरती गेली नाही. व्यायामाच्या मानानं पोटात कमी पडलं की शरीर एकेक विभाग बंद करत जातं. आधी पाळी, मग हाडांची डागडुजी, मग झोप आणि प्रतिकारशक्ती. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं याला नाव दिलं, रेड-एस. आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो.

म्हणून मला स्पष्ट विचारायचंय आणि तू स्पष्ट सांगायचंस. पाळी नियमित आहे का? गेल्या तीन महिन्यांत चुकली असेल तर ती ‘ट्रेनिंगमुळे होतं’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही, डॉक्टरांकडे जायचं. सोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासून घे. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि लोहाचा साठा मात्र तळाला गेलेला असतो, असं लांब पल्ल्याच्या मुलींमध्ये वारंवार दिसतं. गोळ्या मनानं चालू करायच्या नाहीत. आईला मात्र अळिवाचे लाडू करायला सांग आणि जेवणाबरोबरचा चहा आजपासून बंद, त्यानं लोह अंगी लागत नाही. (हे वाक्य मी दुसरा कप हातात धरून लिहिते आहे, पण मी जेवलेले नाही, आणि मला कुठे शर्यत मारायची आहे.)

जिंकल्यानंतरचे तीन महिने या खेळात सगळ्यात धोक्याचे, हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. हरलेल्याला सगळे जपतात. जिंकलेल्याला कुणी विचारत नाही की तू झोपतेस का.

तुला फ्लोरा डफी आवडते ना? तिचं नाव तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, पण तिथे फक्त टोकियो ऑलिम्पिकची तारीख लिहिलेली आहे. मागची पानंही बघ. 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिनं शर्यत पूर्णच केली नाही. त्यानंतर ती काही काळ हा खेळच सोडून गेली होती. लंडनला 2012 मध्ये पंचेचाळिसावी. रिओला आठवी. टोकियोतलं सुवर्ण 2021 चं, तेव्हा ती 33 वर्षांची होती, आणि बर्म्युडासारख्या चिमुकल्या बेटांच्या देशाचं ते पहिलंच ऑलिम्पिक सुवर्ण. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती पुन्हा पहिली आली. त्या शर्यतीत तिच्याबरोबर अहमदाबादची प्रज्ञा मोहन आणि आपल्या पुण्याची संजना जोशी याही उतरल्या होत्या. 750 मीटर, 20 आणि 5 किलोमीटर, पाणी तेच आणि रस्ताही तोच. ऑलिम्पिकच्या ट्रायथलॉनमध्ये मात्र आजवर एकही भारतीय पोहोचलेला नाही. तिथे स्त्रियांच्या 55 जागा असतात आणि त्यातल्या बऱ्याच शर्यतींमागून शर्यतींत गोळा केलेल्या गुणांवर मिळतात. तू चार दिवसांपूर्वी ज्या शर्यतीतून बाहेर पडलीस ती त्या रांगेच्या शेवटच्या टोकाकडची जागा होती. रांगेत उभं राहायला लागलीस, एवढं तरी झालं.

त्याच बर्मिंगहॅमला पुरुषांच्या शर्यतीत न्यूझीलंडच्या हेडन वाइल्डला दहा सेकंदांचा दंड झाला. कशासाठी? सायकल रॅकला लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा सोडला म्हणून. शेवटी शेजारी इंग्लंडचा अ‍ॅलेक्स यी धावत असताना त्याला दंडाच्या चौकटीत जाऊन उभं राहावं लागलं. सुवर्ण यीला, रौप्य याला. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिम्पिकला सेन नदीचं पाणी खराब म्हणून शर्यत एक दिवस पुढे गेली, सगळ्यांचं टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत आणायचं वेळापत्रक, विस्कटलं, आणि वाइल्ड शेवटच्या फेरीपर्यंत पुढे होता. यीनं त्याला शेवटच्या काही शे मीटरमध्ये गाठलं आणि 6 सेकंदांनी हरवलं. मग 2025 च्या मे महिन्यात जपानमध्ये सरावाला सायकलवर असताना त्याला ट्रकची धडक बसली. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. ऑगस्टमध्ये तो लंडनला परत स्टार्टलाइनवर होता आणि ती शर्यत जिंकला. हे ऐकून तुझ्या अंगावर काटा येईल आणि तू पोस्ट टाकशील, म्हणून बजावते, त्या ट्रकमधून काही प्रेरणा वगैरे घेऊ नकोस. मला त्याच्या गोष्टीतला हेल्मेटचा पट्टाच महत्त्वाचा वाटतो. ट्रक कुणाच्या हातात नसतो. पट्टा असतो. तुझा टी-टू, सायकलवरून धावण्याकडे जायचा बदल, अजून ढिला आहे, पायातले बूट सायकलवरच सोडून उतरताना तू खाली बघतेस.

आता ‘सोडून देऊ का’ या प्रश्नाकडे येते. तुझ्या डोक्यात काय शिजतंय हे मला कळतं. गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 धावणं असा हाफ-आयर्नमॅन 2019 पासून होतो. तिथे गेलीस तर तुझ्या वयोगटात पोडियम जवळपास नक्की. घरातल्यांनाही ‘आयर्नमॅन’ हा शब्द कळतो. 2015 मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या मिलिंद सोमणनं झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केली तेव्हापासून आपल्याकडे तो शब्द घरोघर गेला, आणि त्यात वाईट काहीच नाही. पहाटे साडेचारला उठून नोकरी सांभाळत ते अंतर पुरं करणाऱ्या डॉक्टरांना, पोलिसांना मी मनापासून मानते. पण तो खेळ वेगळा. तिथे दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल मारायला बंदी आहे, बोयाला फेस सुटला तर पुढे पाच तास आहेत भरून काढायला. तुझ्या खेळात नाहीत. तिकडे जायचं असेल तर आवडीनं जा, पळवाट म्हणून नको. तिशीनंतरही तो दरवाजा उघडा असतो. छोट्या अंतराचा वेग तुझ्या पायात आत्ताच बसवता येईल, नंतर नाही.

आणि खरोखरच सोडायचं असेल तर सोड. हेही मी मनापासून म्हणते. दोन लाखांवरची सायकल, विमानतळावर तिच्या खोक्याच्या वजनावरून होणारी हुज्जत, परदेशातल्या एका शर्यतीसाठी बाबांनी मोडलेली एफडी, हे ओझं वीस वर्षांच्या पाठीवर जास्त आहे, आणि ते नको वाटणं म्हणजे भित्रेपणा नाही. फक्त उपाशीपोटी आणि लोह संपलेल्या रक्तानं निर्णय घेऊ नकोस. त्या अवस्थेत मी एकदा लग्नालासुद्धा हो म्हणणार होते.

पुढचे तीन आठवडे असे. धावणं पूर्ण बंद. नडगीवर बोट दाबून बघ, एका ठिकाणी टोचल्यासारखं दुखलं तर त्याच दिवशी मला फोन. पोहणं रोज, पण घड्याळ न लावता. सायकल रविवारी, बाकीच्या मुलींबरोबर, खडकवासल्यापर्यंत, आणि तिथे थांबून कणीस किंवा कांदाभजी, तुझी निवड. घरी ताट पहिल्यासारखं, भातासकट. वजनकाटा मी तुझ्या आईला माळ्यावर टाकायला सांगितलाय, शोधू नकोस.

सोमवारी रिपोर्ट घेऊन साडेपाचला टाकीवर ये. दोऱ्या मी आधीच काढून ठेवते. जुना गॉगल आण, नवा फुटेल.

तुझी,
ताई