‘सीक्यू जांबोरी’: स्काउट, बिनतारी यंत्र आणि वाचकांचे प्रश्न

दर वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी जगभरचे स्काउट आणि गाइड हौशी रेडिओवरून एकमेकांशी बोलतात, अशी चार ओळींची नोंद मागील अंकात दिली होती. तिच्यावर अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक पत्रे आली. त्यांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न: ही प्रथा कोणी आणि केव्हा सुरू केली? आमच्या शाळेत असा कार्यक्रम एकदा झाला, तेव्हा मुले रांगेने आली, माइकवर ‘हॅलो’ म्हणाली आणि घरी गेली. यात स्काउटिंग नेमके कुठे आहे? (स्काउट मास्तर, सातारा जिल्हा)

ऑगस्ट १९५७ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन पार्क येथे स्काउट चळवळीची सुवर्णमहोत्सवी जांबोरी भरली होती. चळवळीला पन्नास वर्षे आणि संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्या जन्माला शंभर वर्षे, असा तो दुहेरी योग होता आणि तीस हजारांहून अधिक स्काउट त्यासाठी तंबूंत येऊन राहिले होते. त्या मेळाव्यात हौशी रेडिओचेही एक केंद्र चालू होते. परवाना घेऊन स्वतःच्या हौसेसाठी बिनतारी यंत्र चालवणाऱ्यांना सगळीकडे ‘हॅम’ म्हणतात. त्यांपैकी जे स्काउटही होते त्यांची तिथे गाठ पडली, आणि निरोप घेण्याची वेळ आली तेव्हा पुढची भेट केव्हा, हा प्रश्न साहजिकच निघाला. पुढची जांबोरी काही वर्षांनी, तीही कोणत्या तरी दूरच्या देशात, आणि बोटीचे भाडे कोणाच्या खिशाला परवडणार! लेस मिचेल या इंग्रज हॅमने (त्यांचे संकेतनाव जी३बीएचके) यावर सोपा तोडगा सुचवला. भेट रेडिओवरच ठेवावी, म्हणजे प्रवासाचा प्रश्नच उरत नाही. त्याप्रमाणे मे १९५८ मध्ये पहिली ‘जांबोरी ऑन द एअर’, म्हणजेच ‘जोटा’, पार पडली. पुढे ती ऑक्टोबरमध्ये गेली आणि नव्वदच्या दशकात तिला इंटरनेटची जोड मिळाली. ही स्पर्धा नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण किती देश ‘लागले’ हे मोजत बसणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

आता आपल्या तक्रारीविषयी. ती रास्त आहे, आणि दोष यंत्राचा नसून मांडणीचा आहे. मुले येण्यापूर्वीच पाहुण्या हॅमने तार (हीच यंत्राची अँटेना) बांधून, यंत्र जुळवून सर्व तयार ठेवले, तर मुलांसाठी ‘हॅलो’पलीकडे काही उरतच नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या मैदानावर मी स्वतः हीच चूक केली होती. पुढच्या वर्षी मी फक्त यंत्र, तारेचे वेटोळे आणि नायलॉनची दोरी घेऊन गेलो आणि बाकीचे काम संघनायकांवर सोपवले. १४.२९० मेगाहर्ट्झ ही जोटासाठी ठरलेली एक प्रमुख फ्रीक्वेन्सी आहे. तिच्यासाठी अर्ध्या तरंगाएवढी, म्हणजे साधारण दहा मीटर लांबीची तार लागते, आणि ती मधोमध तोडून पाच-पाच मीटरचे दोन हात करावे लागतात. एका संघाने लाठीवर खुणा करून तार मोजली. दुसऱ्याने पीव्हीसी पाइपाचे तुकडे कापून त्यांना भोके पाडली, कारण तारेच्या टोकाला दोरी सरळ बांधली तर पावसात ओली होऊन घात करते. तिसऱ्या संघाने दोरीला खडा बांधून तो कडुलिंबाच्या फांदीवरून पलीकडे टाकण्याचा उद्योग केला. सहा वेळा खडा फांदीखालूनच गेला आणि सातव्या वेळी गेला तो थेट मुख्याध्यापकांच्या खिडकीशेजारी आदळला. खुंटाला क्लोव्ह हिच, फांदीकडच्या दोरीला बोलाइन. ज्या गाठी मुलांनी ‘प्रथम सोपान’ या स्काउट परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या, त्याच त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आल्या.

चौथ्या संघाकडे नोंदवही होती, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच असते. प्रत्येक संभाषणाची वेळ, फ्रीक्वेन्सी, समोरच्याचे संकेतनाव आणि आवाज कसा आला याची नोंद करायची असते, आणि वेळ लिहायची ती जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. शनिवारी पहाटे पाचला बोलणे झाले तर वहीत शुक्रवार, २३.३० असे लिहावे लागते. सातवीतल्या एका मुलीने हे बरोबर लिहिले आणि तिच्या वर्गशिक्षकांनी चूक समजून खोडले, हे मला अजून आठवते.

माइकची भीती मात्र खरी असते. बटण दाबल्यानंतर क्षणभर थांबून बोलायचे असते. मुले बटण आणि तोंड एकदम चालू करतात आणि नावाचे पहिले अक्षर गिळले जाते. ‘आरती’ पलीकडे ‘रती’ म्हणून पोहोचते. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी अर्धा तास नुसता हातातला माइक देऊन सराव करून घ्यावा, आणि आपले नाव अल्फा, ब्राव्हो, चार्ली या पद्धतीने अक्षर-अक्षर सांगायला शिकवावे.

प्रश्न: मुलाच्या हातात मोबाइल असताना या जुन्या यंत्राचा सोस कशाला? (एक पालक, पुणे)

मोबाइलशी स्पर्धा करायची असेल तर रेडिओ पहिल्याच फेरीत हरेल, हे मान्य करून टाकतो. परंतु दोन गोष्टींचा विचार करावा. मोबाइलवर आपण ज्याला फोन लावतो तोच उचलतो. रेडिओवर ‘सीक्यू जांबोरी’ अशी हाक द्यायची, म्हणजे ‘जांबोरीतले कोणीही असाल तर बोला’, आणि मग कान देऊन वाट पाहायची. उत्तर जपानमधून येईल, इटलीतून येईल किंवा येणारही नाही. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर वातावरणाचा एक विद्युतभारित थर आहे. त्यावरून लहरी परावर्तित होऊन दूरदेशी उतरतात, आणि हा थर सूर्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. दिवसा १४ आणि २१ मेगाहर्ट्झचे पट्टे चांगले चालतात, रात्री ७ मेगाहर्ट्झचा. भूगोलाच्या पुस्तकात एका परिच्छेदात उरकलेला आयनांबर मुलांना अशा वेळी कानाने कळतो.

दुसरी गोष्ट संकटाची. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते, आणि अंदमान-निकोबारमधील दूरध्वनी बंद पडले असताना त्यांच्या केंद्रावरून लोकांची खुशाली मुख्य भूमीला कळत राहिली. स्काउटचे ब्रीद ‘तयार रहा’ हेच असेल, तर त्या तयारीत बॅटरीवर चालणारे, कोणत्याही टॉवरवर अवलंबून नसलेले एक साधन बसायला हरकत नसावी. आणि नवेपणाचाच आग्रह असेल, तर जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून भारतीय विद्यार्थ्यांशी बोलले, ते याच हौशी रेडिओवरून.

प्रश्न: मुलांना परवाना मिळतो का? ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकीटॉकी पथकासाठी घ्यावेत का? (गाइड कॅप्टन, लातूर)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: परवाना नसताना घेऊ नयेत. ते सहज विकत मिळतात म्हणून वापरणे कायदेशीर ठरत नाही, आणि नकळत पोलिसांच्या किंवा अन्य सेवेच्या लहरींवर बोलणे झाले तर ‘मुले खेळत होती’ ही सबब चालत नाही. परवान्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना ती देता येते आणि अर्ज ‘सरल संचार’ या संकेतस्थळावर करता येतो. परवान्याच्या दोन श्रेणी आहेत. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, येण्याची अट नाही आणि तिची संकेतनावे व्हीयू३ ने सुरू होतात; ‘जनरल’ श्रेणीची व्हीयू२ ने. अर्ज करण्यापूर्वी नियम त्या दिवशी पुन्हा वाचावेत, कारण दूरसंचाराचे नियम सध्या बदलत आहेत.

परवान्याची वाट पाहत असताना ऐकण्याचा सराव करावा. नेदरलँड्समधील ट्वेन्टे विद्यापीठाने आपला एक रेडिओ इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला आहे. संगणकाच्या खोलीत बसून मुलींना युरोपातील आकाश ऐकता येते, आणि त्यासाठी गच्चीवर एकही तार लावावी लागत नाही.

प्रश्न: तिसरा शनिवार-रविवार नेहमी सत्र परीक्षेत किंवा दिवाळीच्या धामधुमीत येतो. काय करावे? (मुख्याध्यापिका, जळगाव)

तारखेचा बाऊ करू नये. हॅम वर्षभर बोलत असतात. २२ फेब्रुवारीच्या चिंतन दिनाच्या आसपास गाइड मुलींसाठी रेडिओवरचा असाच उपक्रम असतो, आणि आपल्याकडे तो काळ हवामानाच्या आणि शाळेच्या वेळापत्रकाच्याही दृष्टीने अधिक सोयीचा आहे.

प्रश्न: स्काउटिंगचा जन्म ज्या बेटावर झाला त्याच्या समोरच मार्कोनींचे बिनतारी केंद्र होते, असे माझ्या शिबिरप्रमुख बाई साठ वर्षांपूर्वी सांगत असत. हे खरे की शेकोटीची गोष्ट? (निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

आपल्या बाईंची गोष्ट खरी आहे, आणि ती आजही लक्षात ठेवल्याबद्दल आपले आभार मानावेसे वाटतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाचे बंदर आहे आणि त्याच्या तोंडाशी ब्राउनसी हे लहानसे बेट. ऑगस्ट १९०७ च्या पहिल्या आठवड्यात बेडन-पॉवेल यांनी तिथे वीस-बावीस मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. त्या मुलांपैकी काही बड्या घरच्या महागड्या शाळांतली होती, तर काही पूल आणि बोर्नमथ गावांतल्या कष्टकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही दोन्ही मुले एका तंबूत झोपणे हीच मोठी गोष्ट होती. त्यांचे लांडगा, रेव्हन, बैल आणि कर्ल्यू असे चार संघ होते. सकाळी उठवण्यासाठी बेडन-पॉवेल आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकत.

आता समोरचा किनारा पाहा. बंदराच्या तोंडाशी सँडबँक्स या भूशिरावर हेवन नावाचे हॉटेल आहे. तिथे १८९८ पासून गुल्येल्मो मार्कोनी यांचे प्रयोग चालत असत आणि मधले पाणी अगदी अरुंद आहे. ब्राउनसीचे मालक चार्ल्स व्हॅन राल्टे यांच्याशी मार्कोनींचा घरोबा होता. त्यांच्याच बेटावर १९०४ मध्ये मार्कोनींची बिअॅट्रिस ओब्रायन यांच्याशी भेट झाली आणि १९०५ मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढे दोनच वर्षांनी याच व्हॅन राल्टे यांनी शिबिरासाठी आपले बेट दिले. मार्कोनी शिबिरात येऊन मुलांना बिनतारी शिकवून गेले, असे मात्र कोणी सांगितले तर ते शेकोटीच्या खात्यात टाकावे. बेडन-पॉवेल यांच्या मुलांचे संदेशवहन झेंड्यांचे आणि मोर्सचे होते. १९०८ च्या ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ या पुस्तकात तेच आहे. बिनतारी त्या बेटाच्या शेजारी होती, एवढेच.

पण ‘एवढेच’ म्हणताना मला थोडे वाईट वाटते. मोर्सचे टिंब-रेघ दिवा, शिट्टी किंवा झेंडा कशानेही देता येतात, आणि हॅम आजही तीच लिपी वापरतात. आपण साठ वर्षांपूर्वी शिकलेले मोर्स हाताला आठवत असेल, तर ते आजच्या रेडिओवर एका अक्षराचाही बदल न करता चालेल.

प्रश्न: माझा नातू इंग्लंडमध्ये कब (लहान वयाचा स्काउट) आहे. ऑक्टोबरात त्याच्याशी नाशिकहून रेडिओवर बोलता येईल का? मराठीत बोलले तर चालेल? (एक आजी, नाशिक)

मराठीत बोलले तर चालते. नियम सांकेतिक आणि गुप्त भाषेला मनाई करतो, मातृभाषेला नव्हे. दोन्ही टोकांना परवानाधारक हॅम लागेल. ब्रिटनमध्ये २०२४ पासून परवानाधारकाच्या देखरेखीखाली इतरांना यंत्रावर बोलता येते; आपल्या बाजूला काय चालेल हे नाशिकमधील ज्या हॅमकडे आपण जाल त्याने आपल्या परवान्याच्या अटी पाहून ठरवावे, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर रागावू नये. त्याने नातवाशी बोलायचे आणि आपण शेजारी बसून ऐकायचे, एवढे तर नक्की जमेल.

वेळ दुपारी तीन ते सायंकाळी सात या दरम्यान ठेवावी; तिकडे तेव्हा सकाळचे साडेदहा ते दुपारचे अडीच झालेले असतात आणि युरोपच्या दिशेने वरचे पट्टे बहुधा खुले असतात. तरी खात्री कोणी देऊ शकत नाही, म्हणून शनिवार आणि रविवार अशा दोन्ही दिवसांच्या वेळा ठरवून ठेवाव्यात. आणखी एक सूचना आजींसाठीच आहे. या यंत्रावर एका वेळी एकच जण बोलू शकतो. आपल्या बाजूचे बटण दाबलेले असेपर्यंत नातू कितीही हाका मारो, आपल्याला त्याचा आवाज येणार नाही. तेव्हा ‘जेवलास का’ एवढे विचारून ‘ओव्हर’ म्हणावे आणि बटण सोडावे.