सासऱ्यांच्या केळीच्या वहीवर मी पुन्हा प्रोग्रामिंग शिकले

तुम्ही विचारलंय: नोकरी सोडून सात वर्षं झाली, आधी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत काम होतं, आता चाळीसगावात घरचं हार्डवेअरचं दुकान सांभाळते, दोन ऑनलाइन कोर्स विकत घेतले, दोन्ही अर्ध्यावर राहिले. कोणता प्रोजेक्ट केला म्हणजे हात पुन्हा बसेल?

कोर्सचं मनाला लावून घेऊ नका. माझे तीन अर्धवट पडलेत.

मी २०१४ मध्ये पुण्यातली नोकरी सोडून फैजपूरजवळ सासरी आले. २०२२ मध्ये धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला. पहिल्यांदा साड्यांचं ऑनलाइन दुकान बनवायला घेतलं, कारण सगळे तेच बनवतात. तीन आठवड्यांत कंटाळले. त्या दुकानात ना साडी होती ना गिऱ्हाईक. चुकलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं.

मग सासऱ्यांची केळीची वही मागून घेतली. कापणीची तारीख, व्यापारी, वजन, भाव, आलेले पैसे. म्हटलं, आठ दिवसांचं काम आहे.

जुन्या बॅकअपमधला कोड चालवला तर पहिल्याच ओळीला आपटला. डेटाबेस जोडायचं जे मायएसक्यूएल कनेक्ट फंक्शन मी वर्षानुवर्षं डोळे मिटून लिहीत होते, ते पीएचपी ७ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१५ लाच, काढून टाकलेलं. माहेरी जावं आणि दाराला भलतंच कुलूप दिसावं, तसं झालं. व्हिडिओ पाहण्यापेक्षा पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत जाताना काय काय बदललं त्याची पानं आहेत, ती क्रमाने वाचली. जे आधी येत होतं त्याला नवं काय जोडायचं, एवढंच त्यात असतं. व्हेरिएबल म्हणजे काय इथपासून पुन्हा ऐकावं लागत नाही. पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची एक पद्धत) आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि तिच्यात भरायची माहिती वेगवेगळी पाठवणं) तिथूनच आले. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या ऑनलाइन जागेवर, कोड चढवताना पासवर्ड घेईना, तेव्हा तो आपणच विसरलो असं समजून एक अख्खी संध्याकाळ घालवली. ऑगस्ट २०२१ पासून तिथे कोड चढवायला पासवर्ड चालतच नाही, त्याऐवजी टोकन किंवा डिजिटल किल्ली लागते. अशा ठेचा तुम्हालाही लागतील. त्या बुद्धीच्या नाहीत, मधल्या वर्षांच्या आहेत.

खरं शिक्षण पुढे झालं. पंधराव्या दिवशी सासऱ्यांना स्क्रीन दाखवली. चष्मा लावून ते म्हणाले, “पिलबागाचं येगळं कुठे हाये?” नव्या लागवडीची ती नवती आणि तिच्याच पिलांवर पुढे धरलेली ती पिलबाग, दोन्हींचे भाव वेगळे. वर कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली, वेगळी. मी मात्र एका कापणीला एकच भाव धरून सगळं एका टेबलात कोंबलं होतं. एकाच दिवशी, एकाच गाडीत दोन्ही बागांचा माल गेला तर? टेबलं मोडली. कापणी एका टेबलात, त्या कापणीतल्या ओळी दुसऱ्यात, बागा तिसऱ्यात. हे कॉलेजात पाठ होतं. पण नोकरीत टेबलं कायम दुसऱ्याच कुणीतरी आखून दिलेली असायची. म्हणजे जे मला कधी नीट येतच नव्हतं, ते या वहीने करून घेतलं.

मग पैशांचा घोळ. रकमेचा कॉलम मी फ्लोट (दशांश आकडे ठेवायचा एक प्रकार) ठेवला होता. १,८७,४३२.७५ भरले की परत १,८७,४३३ दिसायचे. वर्षाची बेरीज वहीशी जुळेना. आमच्याकडे पंचवीस पैशांसाठी कुणी भांडत नाही, पण सासरे म्हणाले, “मंग वहीच बरी.” मायएसक्यूएल फ्लोटचे साधारण सहाच आकडे दाखवतं, आणि मुळात फ्लोट ही अंदाजे साठवण, पैशाला नेमके आकडे साठवणारं डेसिमलच हवं. नोकरीत असताना हे कुणी सांगितलं असतं तर मान डोलावून विसरले असते.

मुलाखतीत गॅपबद्दल विचारलंच. मग “काय बनवलंत?” म्हणाले. नवती-पिलबाग आणि फ्लोट, यावरच बराच वेळ बोलणं झालं. साड्यांच्या दुकानावर दोन वाक्यंही निघाली नसती. अर्थात एका वहीने लगेच नोकरी लागली असं नाही. नऊ महिने आणि बरेच नकार गेले. घरूनच करायचं काम मिळालं, पगार २०१४ मध्ये सोडला होता त्यापेक्षा कमी.

एआयकडून कोड घ्यावा का? मी घेते, पण आता. सुरुवातीला घेतला असता तर टेबलं मोडायची वेळ का आली ते कळलंच नसतं.

तुमच्याकडे दुकान आहे, मग प्रोजेक्ट शोधत कशाला फिरता? उधारीची वही घ्या. लॉगिन, रंग, मोबाइल ॲप काही नको. फक्त गिऱ्हाईक, माल, रक्कम, जमा. आणि पंधरा दिवसांत घरातल्या कुणालातरी ते रोज वापरायला लावा, कितीही ओबडधोबड असलं तरी. मग कुणीतरी पाइपाचे अर्धे पैसे देईल, त्यातले दोन पाइप परत आणेल, आणि उरलेली उधारी भावाच्या नावावर टाका म्हणेल. ते टेबलात कसं बसवलंत, ते इथेच खाली लिहा. मलाही बघायचंय.