राबाचा धूर आणि तुझा तक्ता

दादर, मुंबई

अनेक आशीर्वाद.

शेतीतून हवेत जाणारे, पृथ्वी तापवणारे वायू कमी करण्याचा तुझा मसुदा वाचला. ‘शेतीतील उत्सर्जन २०३० पर्यंत इतके टक्के कमी’ हा तक्ता झकास दिसतो. पण तो घेऊन कर्जतच्या एखाद्या पडवीत बसलीस, तर घरचा माणूस आधी चहा पाजेल आणि मग विचारेल, “बाई, मग आम्ही पिकवायचं काय?”

देशाने २०२२ मध्ये जे वचन दिलं ते जीडीपीच्या प्रमाणात, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या दर रुपयामागे, उत्सर्जन घटवण्याचं आहे, २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के. त्यात शेतीला वेगळा आकडा बांधून दिलेला नाही. तो तू बांधलास! एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा साधारण १४ टक्के, आणि त्यातला मोठा हिस्सा जनावरांच्या रवंथातून येणारा मिथेन, असाच एक तापवणारा वायू. म्हणजे ‘पशुधन कपात’ ही तुझी ओळ शेवटी कुणाच्या तरी दावणीतल्या दोन म्हशींवर जाऊन पडते. ती ओळ खोडून टाक. चारा सुधारून दुधाच्या लिटरमागे मिथेन किती घटेल, ते लिही.

आता भात. साचलेल्या पाण्याखाली मातीला हवा मिळत नाही, म्हणून मिथेन. तेव्हा पाणी अधूनमधून काढा, हे तुझं म्हणणं बरोबर. कालव्यावरच्या उन्हाळी भाताला ते जमेल, तिथे पाणी हातात असतं. जुलैच्या धारेत खाचरातलं पाणी काढून टाकणार कुठे, शेजाऱ्याच्या खाचरात?

मीही असाच शहाणा होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पाड्यावर सांगून आलो, राब भाजू नका, धूर होतो. टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून रोपांची जागा भाजतात ती तणाचं बी मारायला, एवढंही मला ठाऊक नव्हतं. आषाढात परत गेलो तर वाफ्यात रोप कमी, तण जास्त. तिथली म्हातारी रागावली नाही. मूठभर तण उपटून तिने माझ्या हातात ठेवलं, म्हणाली, “साहेब, हे न्या, तुमच्या दारी लावा.”

नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र बघ. गादीवाफ्यांवर थेट बी टोकायचं; चिखलणी नाही, लावणी नाही, त्यामुळे राबही नाही. शेतकरी ते करतो डिझेल आणि मजुरी वाचते म्हणून. मिथेन घटला तर तो वरकड. पण तिथेही तणनाशक आलं, आणि ज्या बायांचं पावसाळ्याचं मीठमिरची लावणीच्या मजुरीवर चालतं, त्यांचं काय? तुझ्या तक्त्यात त्यांचा रकानाच नाही.

युरियाचंही तेच; त्यातूनही तापवणारा वायू निघतो, हे खरं. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते तोवर ‘कमी टाका’ या उपदेशाला कोण विचारतो?

बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेऱ्यांत, तुला कार्बन क्रेडिटवाले भेटतील; शेतकऱ्याने वाचवलेलं उत्सर्जन कंपन्यांना विकून देणारे. गोड बोलतात. मोजणी-पडताळणीचा खर्च वजा जाता एकरी किती, कधी, आणि पीक बुडालं तर पैसे कोण देणार, हे त्यांच्याकडून लेखी घे.

शनिवारी सकाळची कर्जत लोकल धरू, लावणी चालू आहे तोवर. मी दादरला मधल्या पुलाखाली उभा असेन. लॅपटॉप नको, छत्री आण.

तुझा,
काका