अर्जुनाची साल, लाल इंजेक्शन आणि फार्मसीची ॲडमिशन

गुहागरहून बारावी पीसीबीच्या मुलीचं पत्र आलंय. मावशीला ब्रेस्ट कॅन्सरच्या किमोत लाल इंजेक्शन दिलं, नंतर टूडी इकोत हार्टचं पंपिंग कमी निघालं, आता आजी अर्जुनाच्या सालीचा काढा द्यायला बसलीय. हिला हार्ट वाचवणारं झाडपाल्याचं औषध शोधायचंय, तर बीएएमएस करू, बॉटनी की फार्मसी?

बाळा, आधी आजीला थांबव. काढा द्यायचा की नाही ते मावशीच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, लपूनछपून काही नको.

ते लाल औषध बहुतेक डॉक्सोरुबिसिन असणार. ते हार्टच्या पेशींचा डीएनए आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे भाग) दोन्ही बिघडवतं, आणि आयुष्यभरात एकूण किती गेलं त्यावर धोका वाढत जातो, म्हणून डॉक्टर हिशोब ठेवतात, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण 450 ते 550 मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत. हार्ट वाचवायला डेक्सराझोक्सेन नावाचं औषध आहे, अमेरिकेत 1995 ला मंजूर झालं, पण ते झाडातलं नाही. अर्जुन, हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल यांचा उंदरांवर चांगला परिणाम दिसलाय, पण उंदीर म्हणजे मावशी नव्हे. आणि खरी गोम पुढेच आहे, जे हार्टच्या पेशीला वाचवतं ते कॅन्सरच्या गाठीलाही वाचवत असेल तर किमो फुकट गेली ना! म्हणून प्रत्येक अर्क दोन्हीकडे तपासावा लागतो.

हे तपासण्याचं काम फार्माकॉलॉजीवाल्यांचं, म्हणजे औषध शरीरात काय करतं ते अभ्यासणाऱ्यांचं, त्यामुळे माझं मत सरळ बीफार्म. एमएचटी-सीईटी द्यायची, चार वर्षं, मग जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन एमफार्म फार्माकॉलॉजी, पुढे पीएचडी. यात उंदराला डोस द्यायचा, त्याचा ईसीजी काढायचा, नंतर हार्टचे पातळ काप करून रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचे. हात थरथरत असतील तर आत्ताच विचार कर, लाजू नको. बीएएमएसला नीट ही परीक्षा लागते, आणि पेशंट बघायची आवड असेल तरच जा. बॉटनी वाईट नाही हं, आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं, त्यावरून किमोची औषधं झाली, आणि सदाफुलीतून मिळणारं किमोचं औषध व्हिनक्रिस्टिन तर माहीतच असेल. पण त्या वाटेनं हार्टपर्यंत पोचायला लांबचा वळसा पडेल.

केमिस्ट्रीबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. मार्क नको कळवू, ऑरगॅनिक कळतं की घोकतेस तेवढं लिही, मग कॉलेजांचं बोलू.