ट्रॅकवरच्या वेळेवरून मॅरेथॉनची वेळ आधी सांगता येते का?

तुम्ही विचारलंय, की 10,000 मीटरचा विश्वविक्रमवीर, युगांडाचा चेप्तेगेई पहिल्या मॅरेथॉनमध्ये 2:08 वर (म्हणजे 2 तास 8 मिनिटांवर) कसा अडकला, आणि हे आधी ओळखता आलं असतं का. अंदाज बांधता येतो, पण हमी माझ्याकडून घेऊ नका. याच चेप्तेगेईवर मी अर्धा किलो कंदी पेढे हरलोय.

डिसेंबर 2023, स्पेनमधलं व्हॅलेन्सिया, त्याची पहिलीच मॅरेथॉन. साताऱ्यात दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढणारी आमची टोळी आहे, तिथे पैज लागली. मी एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ काढायचं रीगलचं सूत्र काढलं: अंतर जितकी पट वाढेल त्याचा 1.06 वा घात घ्यायचा आणि त्याने वेळेला गुणायचं. अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण 2.085 पट. 10,000 मीटरवरून मॅरेथॉनला येताना हा गुणक 4.6 पडतो. चेप्तेगेईच्या 10,000 मीटरच्या 26:11 ला (26 मिनिटं 11 सेकंद) लावला तर उत्तर येतं 2:00:27. नवखा म्हणून मी चार मिनिटं सूट दिली. तो आला 2:08:59 ला. पेढे मीच आणले, आणि टोळीत माझं नाव तेव्हापासून 'एक पॉइंट शून्य सहा'.

सूत्र अगदीच वाया गेलेलं नाही. इथिओपियाच्या बेकेलेच्या 26:17 वरून 2:00:57 येतात; 2019 ला बर्लिनला तो 2:01:41 धावला. ब्रिटनच्या मो फराहच्या 26:46 वरून 2:03:10 येतात, त्याची मॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ 2:05:11. गंमत केनियाच्या किपचोगेची. त्याचे 26:49 या सगळ्यांत मंद, 2012 ला केनियाच्या ऑलिंपिक संघातही जागा मिळाली नाही म्हणून तो ट्रॅक सोडून रस्त्यावरच्या शर्यतींकडे वळला, आणि 2022 ला बर्लिनला 2:01:09! (त्याची ट्रॅकची वेळ 2007 ची, मधल्या काळात जास्त वेगवान बूट आले, तेवढं धरा.)

1.06 ही सरासरी आहे. कोण किती ढेपाळतो हे ज्याचं त्याचं. 10 किलोमीटरमध्ये शरीरातली साठवलेली साखर संपतच नाही. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास ती तळाला जाते. मग पळता पळता पिणं आणि ते पचवणं आलं, आणि ट्रॅकवाल्याने शर्यतीत कधी बाटली उचललेली नसते. आमच्यातला एक पोरगा जिल्ह्याला 5000 मीटर धावतो, घाटात आम्हाला दिसेनासा होतो. एकदा कासच्या रस्त्यावर तिसावा किलोमीटर झाला आणि गडी कठड्यावर बसला. चिक्कीचं पाकीट त्याला फोडता येईना, मी दाताने फोडून दिलं.

अर्धमॅरेथॉनची वेळ जास्त भरवशाची म्हणतात, पण तिथेही एरिट्रियाचा झेरसेनाय तादेसे आहेच: अर्ध्याचा 2010 चा तेव्हाचा विश्वविक्रम 58:23, पूर्णची सर्वोत्तम 2:08:46. आणि उलटी वाटही असते. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीनदा पहिल्या आल्या, मग ट्रॅकवर जाऊन 2016 ला रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहाव्या.

त्यामुळे पहिल्या मॅरेथॉनवर मी आता पैज लावत नाही. दुसरीत शेवटचे 7 किलोमीटर कसे गेले ते बघतो, मग बोलतो. 2023 लाच शिकागोत विश्वविक्रमी 2:00:35 धावलेल्या केनियाच्या किप्टमची तर ट्रॅकवर कारकीर्द म्हणावी अशी नव्हतीच. त्याच्यावर आमच्यात कुणी एक पेढाही लावला नव्हता.