चारशे मीटर पुरतात, वारा सरळ असला तर
वाचकांचे प्रश्न, वैमानिकाची उत्तरं

गेल्या अंकात बेटांवरच्या छोट्या धावपट्ट्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. मी बरीच वर्षं बेटांच्या मार्गांवर ट्विन ऑटर हे दोन इंजिनांचं छोटं प्रवासी विमान उडवत होते. त्यामुळे मतं माझी आहेत आणि ती थोडी ट्विन ऑटरच्या बाजूने झुकलेली असणार, हे गृहीत धरा.

साबा बेटावर विमान उतरतानाचा व्हिडिओ पाहिला. दोन्ही टोकांना कडा, खाली समुद्र. वैमानिकाच्या पोटात गोळा येत नाही का?

सुरुवातीला येतो. नंतर वाऱ्याचा हिशेब करण्यात डोकं इतकं गुंतलेलं असतं, की गोळ्याकडे लक्षच जात नाही.

कॅरिबियनमधल्या या डच बेटावरची धावपट्टी सुमारे ४०० मीटरची. प्रवासी वाहतुकीच्या धावपट्ट्यांमध्ये जगात सर्वांत आखूड म्हणून ती ओळखली जाते. १९५९ साली रेमी द हायनेन या वैमानिकाने बेटावरच्या सपाट तुकड्यावर पहिलं विमान उतरवून दाखवलं आणि १९६३ मध्ये तिथे रीतसर विमानतळ सुरू झाला. आता शेजारच्या सेंट मार्टिनहून ट्विन ऑटर जा-ये करतात.

व्हिडिओत कडा दिसतो. कड्यावरून ओघळणारी हवा दिसत नाही, आणि वैमानिकाचं सगळं लक्ष असतं ते तिच्याकडे. समजा वारा समोरून येतोय, म्हणजे उतरायला उत्तम. पण तोच वारा पट्टीवरून वाहत येतो आणि तुम्ही जिथून आत येणार त्याच कडेवरून खाली ओततो. पट्टीचं टोक अगदी हाताशी आलं, की विमान एकदम खचतं. ते खचणार हे माहीत असलेला हात आधीच थोडी पॉवर वाढवून ठेवतो. ट्विन ऑटरमध्ये पॉवरचे लिव्हर छताला असतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात तुमचा एक हात डोक्याच्या वर असतो. चाकं टेकली, की त्याच मुठी पिळून मागे ओढायच्या. पंख्यांच्या पात्यांचा कोन उलटा होतो, ते हवा पुढे ढकलतात आणि विमान मागून कुणी धरल्यासारखं थबकतं. पट्टीचा बराचसा भाग शिल्लक असतानाच तुम्ही चालण्याच्या वेगावर आलेले असता. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे खरं वाटत नाही.

धावपट्टी आखूड असेल तर सावधगिरी म्हणून थोडा जास्त वेग ठेवलेला बरा नाही का?

नाही! नवख्यांचा हात नेमका इकडेच जातो. वेग कमी झाला तर विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल संपेल, या भीतीने पाच-दहा नॉट (विमानाचा वेग नॉटमध्ये मोजतात) ‘खिशात’ ठेवावेसे वाटतात. पण थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दहा टक्के वेग जास्त, तर अंतर एकवीस टक्के जास्त. शिवाय जास्तीचा वेग असलेलं विमान टेकायलाच तयार नसतं, पट्टीवर तरंगत राहतं. आमचा शेवटचा वेग सत्तर-पंचाहत्तर नॉट, म्हणजे सेकंदाला छत्तीस ते एकोणचाळीस मीटर. तीन सेकंद तरंगलात, की चारशेतले शंभर मीटर गेले.

वाऱ्याचंही तसंच. हवेतला वेग ७५ नॉट धरा. १५ नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग ६०, पाठीमागून असेल तर ९०. थांबायचं अंतर सव्वादोन पट होतं. म्हणून कंट्रोल टॉवरने वारा सांगितला, तरी आमची नजर विंडसॉकवर, म्हणजे वारा दाखवणाऱ्या कापडी नळीवर असते. टॉवरचा आकडा काही क्षण जुना असतो.

स्कॉटलंडमध्ये म्हणे विमान समुद्रकिनाऱ्यावर उतरतं. खरं आहे का?

खरं आहे. ‘बारा’ (Barra) नावाचं बेट, त्यावरचा त्राय मोर नावाचा विस्तीर्ण किनारा. लाकडी खांबांनी खुणा केलेल्या तीन धावपट्ट्या, त्रिकोणात. भरतीला तिन्ही पाण्याखाली जातात, त्यामुळे विमानांचं वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरतं. किनाऱ्यावर लोक शिंपले वेचायला येतात. विंडसॉक वर चढवलेला दिसला, की विमानतळ चालू आहे, वाळूवरून बाजूला राहा असा अर्थ. वाळू ओली आणि घट्ट असते, टेकणं छान मऊ होतं. त्रास होतो तो मिठाचा. विमान धुऊन काढणाऱ्या माणसांना विचारा.

सेंट बार्ट्समध्ये विमानं रस्त्यावरच्या गाड्यांच्या डोक्यावरून जातात. जरा उंचावरून का येत नाहीत?

उंचावरून आलं तर उतरताच येणार नाही. कॅरिबियनमधल्याच या बेटावरची धावपट्टी साधारण ६५० मीटर. तिच्या तोंडाशी टेकडी, टेकडीच्या खिंडीतून रस्ता जातो, आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला सरळ समुद्रस्नान करणारी माणसं. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, म्हणून बहुतेक वेळा टेकडीवरूनच आत यावं लागतं. खिंड ओलांडली, की नाक खाली घालून उताराला लागायचं. आता खरी गंमत. पट्टीसुद्धा पुढे उतरतीच आहे. तुम्ही टेकण्यासाठी नाक उचलता आणि जमीन तुमच्याखालून निघून जायला लागते. सपाट पट्टीवर शिकलेल्या हाताला हे अजिबात पटत नाही. तिथे उतरायला वैमानिकाला खास पात्रता लागते, ती उगाच नाही. साबापेक्षा इथली पट्टी लांब, तरी माझं मत विचाराल तर अवघड हीच. याबद्दल आमच्यात वाद आहेत. साबाच्या बाजूने बोलणारेही पुष्कळ आहेत.

मोठ्या जेटचे अनुभवी वैमानिक अशा ठिकाणी सहज उतरवू शकतील ना?

शिकवलं तर हो. नुसत्या अनुभवावर मात्र नाही. रुंद धावपट्टीला सरावलेल्या डोळ्याला अरुंद पट्टी दिसली, की आपण फार उंचावर आहोत असा भास होतो. मग माणूस नकळत खाली येतो. समोर पाणीच पाणी असेल तर उंचीचा अंदाज आणखी चुकतो, कारण मोजायला झाड नाही, घर नाही.

आणि जेटवाल्यांनाही बेटं सोडत नाहीत. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाचं उदाहरण घ्या. तिथली पट्टी जवळपास दोन किलोमीटर, म्हणजे लांबीची तक्रार नाही. सुमारे साडेअठ्ठावीस कोटी पौंड खर्चून २०१६ मध्ये विमानतळ तयार झाला. मग लक्षात आलं, की कड्यांमुळे उत्तरेकडून येताना वारा अचानक दिशा आणि वेग बदलतो. नियमित सेवा लांबली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये एम्ब्रेअर जेट विमानांनी सुरू झाली. तिथून असेन्शन बेट साधारण १,३०० किलोमीटर दूर. उतरता आलं नाही तर जायचं कुठे, हा प्रश्न इंधन भरतानाच सोडवावा लागतो. मला विचाराल तर चांगल्या वाऱ्यातलं साबा मी आनंदाने घेईन, बिघडलेल्या वाऱ्यातलं सेंट हेलेना नको.

आमचं विमान एका बेटावर टेकता टेकता पुन्हा वर गेलं. दुसऱ्या खेपेला उतरलं. पायलट चुकला होता का?

चुकला नव्हता, त्याने काम केलं. याला गो-अराउंड म्हणतात. आम्ही खाली येताना दर क्षणी वर जायच्या तयारीतच असतो. वेग जास्त आहे, ठरलेल्या जागेच्या पुढे टेकणार, विंडसॉक फिरला, यातलं काहीही एक झालं तर पॉवर आणि वर. आतून ते भयंकर वाटतं, कारण इंजिन अचानक गरजतं आणि सीट पाठीला दाबते. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते कॅप्टन दोनदा वर गेले, की तिसऱ्यांदा प्रयत्न करत नसत. सरळ परत फिरत. प्रवासी चिडायचे. एकदा उलटे पंखे लावले, की मात्र वर जायचा विषय संपतो. म्हणून सगळी घासाघीस टेकण्याआधी.

छोट्या विमानात बसण्याआधी मला सामानासकट काट्यावर उभं केलं. हा अपमान नाही का?

नाही हो. एकोणीस सीटच्या विमानात चार जाड माणसं मागे बसली तर तोल बदलतो. आखूड पट्टीवर उतरण्याइतकंच, कधी कधी जास्त, उड्डाणाचं गणित घट्ट असतं. वारा पडला किंवा उकाडा वाढला, की वजन कमी करावं लागतं. मग एखाद्याची बॅग पुढच्या फेरीला येते. ती तुमची असू शकते, रागावू नका. सीट बदलायला सांगितलं तर उठा, वाद घालू नका. आणि वजन तोंडी विचारलं तर खरं सांगा. जाकीट आणि कॅमेऱ्याची बॅग धरून.