पतपेढीची पावती

‘‘मॅडम, शेअरमध्ये सुरुवात करायचीय, पण हिंमत होत नाही. कुठून सुरू करू?’’

दादरला रानडे रोडजवळच्या एका गल्लीत माझी समुपदेशनाची खोली आहे. माझं काम कौटुंबिक समुपदेशनाचं, पण गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येऊ लागला आहे. कुणाची पगारवाढ झालेली असते, कुणाच्या एफडीची मुदत संपलेली असते, कुणाला मेहुण्याने ‘नुसती एफडी काय करतोस’ म्हणून टोकलेलं असतं. कोणता शेअर घ्यावा हे मी सांगत नाही. तसा सल्ला द्यायला शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची नोंदणी लागते आणि ती माझ्याकडे नाही. पण हिंमत का होत नाही, हे शोधणं माझं काम आहे. म्हणून संदीपची हकिकत सांगते. त्याची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

संदीप अडतीस वर्षांचा. राहायला भांडुपला. अंधेरीच्या एमआयडीसीत खोकी आणि पॅकिंगचा माल बनवणाऱ्या एका कंपनीत वसुलीचं काम बघतो. घरी आई, बायको मनीषा आणि पाचवीतली मुलगी. शेअर ठेवायचं डिमॅट खातं त्याने लॉकडाऊनमध्येच उघडलं होतं. घाटकोपरला लोकल सोडून मेट्रो पकडायची आणि त्या सगळ्या प्रवासात मोबाइलवर भाव बघत राहायचे, असा त्याचा रोजचा शिरस्ता.

पहिल्या भेटीत तो वडिलांबद्दलच बोलला. ते सरकारी कचेरीत कारकून होते, बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत. १९९१-९२ मध्ये बाजार चढत होता, तेव्हा कचेरीत जेवणाच्या सुट्टीतही शेअरखेरीज दुसरा विषय नसे. वडिलांनी पतपेढीतून चाळीस हजारांचं कर्ज काढलं. एप्रिल १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं, बाजार कोसळला. आईच्या पाटल्या गेल्या. पतपेढीचे हप्ते पुढे सहा वर्षं पगारातून कापले जात होते. ‘‘आमच्या घरात शेअर हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘बोट त्या बटणापर्यंत जातं आणि बाबा दिसतात.’’

मी त्याला विचारलं, ‘‘बाबांचं नेमकं काय बुडालं?’’

‘‘शेअर बुडाले.’’

‘‘सगळे?’’

तो थांबला. मग आठवून आठवून आम्ही कागदावर मांडत गेलो. सगळ्यात मोठा फटका बदल्याच्या सौद्यांत बसला होता. सौद्याची पूर्ण रक्कम न भरता व्याज देऊन तो पुढच्या सेटलमेंटवर ढकलत राहायचं, ही जुनी बदला पद्धत. सेबीने ती २००१ मध्ये बंद केली. भाव पडले तेव्हा दलालाने फरकाचे पैसे मागितले आणि ते भरायला पाटल्या मोडाव्या लागल्या. याउलट एका कंपनीचे वीस शेअर वडिलांनी पूर्ण पैसे भरून घेतले होते. त्यांचाही भाव निम्म्याहून खाली आला, पण त्यासाठी कुणी दारात आलं नाही. ती सर्टिफिकिटं ट्रंकेत पडून राहिली आणि पुढे मुंज-लग्नाच्या खर्चात विकली गेली. आज सर्टिफिकिटं नसतात, १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर डिमॅट खात्यात आले. तरी उसन्या पैशावरचा सौदा आणि स्वतःच्या पैशाने घेतलेला शेअर, यांतला फरक तेव्हा होता तेवढाच आजही आहे.

संदीपला हे पटलं, पण त्याचा चेहरा मोकळा झाला नाही. पटूनही खांदे उतरलेलेच राहिले, तर बोलायचं अजून काहीतरी शिल्लक असतं. मी विषय ताणला नाही. पुढच्या शनिवारी बोलावलं.

शनिवारी तो आला, पाणी प्यायला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. ब्रोकरच्या अ‍ॅपवरचा नफा-तोट्याचा तक्ता होता. वर लाल अक्षरांत आकडा आणि त्यावर त्याने अंगठा ठेवलेला. बोलता बोलता अंगठा हळूहळू सरकला. उणे ८४,३००. ऑप्शन्समध्ये, म्हणजे थोडी रक्कम भरून पुढच्या भावावर केलेल्या मोठ्या सौद्यांत, तीन महिन्यांत. त्यातले एकतीस हजार क्रेडिट कार्डाचे. कुणा अनोळखी माणसाने चालवलेल्या मेसेजच्या ग्रुपवर रोज सकाळी नऊ वाजता ‘आजचा कॉल’, म्हणजे आज कोणता सौदा करायचा याची टीप, यायचा, त्यावर सौदे केलेले. मनीषाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

म्हणजे सुरुवात कधीच झाली होती. ‘कुठून सुरू करू’ म्हणून तो आला होता, पण त्याला विचारायचं होतं ते ‘घरी कसं सांगू’. या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न दडलेला असतो हे मी अनेकदा पाहिलं आहे. तुमच्याही मनात तसा तो असेल, तर आधी त्याच्याकडे बघा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संदीपला वाटत होतं की एवढा मूर्खपणा जगात फक्त त्यानेच केला. मी त्याला सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि तोही खर्च धरून सरासरी दोन लाखांच्या आसपास. तो आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे मी बाबांनी केलं तेच केलं.’’ हे मी सुचवलं नव्हतं, त्याचं त्यालाच दिसलं. रक्कम थोडी, सौदा मोठा, हातात पैसे कार्डाचे, आणि घरी अळीमिळी गुपचिळी.

तिसऱ्या भेटीला मनीषा आली. तो दिवस जड गेला, त्याबद्दल फार लिहीत नाही. ती रडली, मग भडकली, मग म्हणाली, ‘‘अहो, मला जूनमधली शाळेची फी कुठून भरायची ते सांगा.’’ तिने थेट मुद्द्याला हात घातला होता. फीचे पैसे सुदैवाने वेगळे होते. चौथ्या भेटीला आई स्वतःहून आल्या. त्यांना कळल्याशिवाय राहणार नव्हतंच; दोन खोल्यांचं घर.

काकू सत्तरीच्या. नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. मला वाटलं त्या संदीपला बोलतील. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘ह्यांचे पैसे गेले, पाटल्या गेल्या, त्याचं मला काही नव्हतं हो. मला ते ह्यांनी सांगितलंच नाही. शर्ट धुवायला काढला, खिशात पतपेढीची पावती होती. त्यावरून कळलं.’’ मग संदीपकडे वळून, ‘‘तू सांगितलंस. उशिरा सांगितलंस, पण सांगितलंस.’’

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. तीस वर्षं त्या घरात शेअरच्या नावाने जी भीती वावरत होती, ती या पावतीची होती.

त्यानंतरची कामं साधी होती, पण मी त्यांचा क्रम बदलू दिला नाही. आधी ब्रोकरला कळवून खात्यातला फ्युचर्स-ऑप्शन्सचा भाग बंद करून घेतला. अ‍ॅपमधून तशी विनंती करता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मग क्रेडिट कार्ड. त्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढत असताना कोणता शेअर ते भरून काढणार? कार्ड फिटेपर्यंत गुंतवणुकीचा विषय काढायचा नाही, असं तिघांनी मिळून ठरवलं. त्याला पाच महिने लागले. तोवर मनीषाने चार महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बँकेत बाजूला टाकायला घेतली, मेडिक्लेमचं नूतनीकरण केलं, संदीपचा टर्म इन्शुरन्स काढला आणि डिमॅट खात्यावर स्वतःचं नाव नॉमिनी म्हणून लावून घेतलं. नॉमिनीचा रकाना चार वर्षं कोरा होता.

दरम्यान संदीप अधीर व्हायचा. ‘‘मॅडम, बाजार वर चाललाय, गाडी सुटेल.’’ मी त्याला सेन्सेक्सचे जुने आकडे पुढ्यात ठेवून वाचायला लावले. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या वर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्या आसपास. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजार, २३ मार्चला २६ हजारांच्याही खाली. दोन्ही वेळा बाजार सावरला, पण २००८ नंतर तो उच्चांक पक्का मागे टाकायला पाचएक वर्षं गेली. ज्याला मधल्या काळात मुलीची फी भरायची होती, त्याला सावरण्याचा काय उपयोग? म्हणून पुढच्या पाच-सात वर्षांत जे पैसे लागणार आहेत ते शेअरमध्ये घालायचे नाहीत, याबाबत मी हट्टी आहे. उरलेल्यातून त्याने निफ्टीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या इंडेक्स फंडाची एसआयपी सुरू केली, म्हणजे महिन्याला ठरावीक तीन हजार. हा निर्णय त्याचा आणि मनीषाचा, फंडही दोघांनी मिळून निवडला.

मला या सगळ्यात सर्वांत आनंद झाला तो वार्षिक अहवालाच्या दिवशी.

त्या ग्रुपवर एका छोट्या कंपनीचं नाव सारखं येत असे. संदीपच्या डोक्यातून ते जात नव्हतं. मी म्हटलं, तिचा अहवाल घेऊन या. बीएसई-एनएसईच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. तो दीडशे पानांची छापील थप्पी घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘यातलं मला काय कळणार? मी बी.कॉम. नाही.’’

‘‘तुम्ही ऑफिसात काय बघता?’’

‘‘कुणाकडे किती उधारी आहे, किती दिवस झाले.’’

‘‘मग इथे तेच बघा.’’

पाचेक मिनिटांत त्याला ताळेबंदातली ‘ट्रेड रिसिव्हेबल्स’ची ओळ सापडली. त्याने खिशातलं पेन काढलं आणि मग मी त्या खोलीत आहे हेच तो विसरला. विक्री वर्षभरात पंधरा टक्क्यांनी वाढलेली, गिऱ्हाइकांकडची उधारी मात्र दुपटीच्या वर. नफा छान दाखवलेला. पुढे कॅश फ्लोचं पान, तिथे धंद्यातून हातात आलेली रोकड उणे. त्याने पेनाची टोपी लावली. ‘‘मॅडम, हे माल ढकलतायत. मार्च एंडला डीलरच्या गळ्यात माल मारायचा आणि विक्री दाखवायची. आमच्याकडे एक पार्टी असंच करायची, तिचे चेक अजून परत येतायत.’’ कंपनी लबाड आहे की नुसती अडचणीत आहे, हे ना त्याला ठाऊक ना मला. पण हा धंदा आपल्याला समजत नाही आणि जे समजतंय ते बरं दिसत नाही, एवढं एका माणसाला स्वतःच्या रोजच्या कामातून कळलं. ते कोणत्याच ‘कॉल’मधून कळत नाही. मग त्याने प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालक मंडळींनी, किती शेअर गहाण ठेवले आहेत तेही शोधलं. तिमाही शेअरहोल्डिंगच्या तक्त्यात ते असतं. ते पाहून त्याने थप्पी पिशवीत टाकली, मागच्या बाजूला मुलीला चित्रं काढायला होतील म्हणून.

नोकरदार माणसाला मी हेच सांगत असते. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्याला कोणतं औषध खपतं ते ठाऊक असतं, नर्सला कोणतं उपकरण सतत बिघडतं ते ठाऊक असतं. तुमच्या कामातलं ज्ञान तुम्ही फुकटचं समजता, आणि सकाळी नऊच्या मेसेजला पैसे मोजता.

आणखी चार महिन्यांनी संदीपने पहिले शेअर घेतले. चार शेअर, सहा हजारांच्या आत. त्याने तीन वर्षांचे अहवाल वाचलेल्या एका जुन्या कंपनीचे. ऑर्डर टाकताना इंट्राडे (त्याच दिवशी विकून टाकायचा सौदा) नव्हे, डिलिव्हरी (शेअर खात्यात घ्यायचा सौदा) निवडली आहे ना, हे मनीषाने शेजारी बसून दोनदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेअर खात्यात जमा झाल्याचा डिपॉझिटरीचा एसएमएस आला. तो त्याने दोघींना वाचून दाखवला.

आठवड्याभराने त्याचा फोन आला. भाव उतरला होता. जेवताना त्याने ते आपणहून सांगितलं. काकूंनी विचारलं, ‘‘किती?’’

‘‘तीनशे ऐंशी रुपये.’’

‘‘कुणाचं देणं आहे का त्यातलं?’’

‘‘नाही.’’

काकूंनी त्याच्या पानात आमटी वाढली आणि मनीषाला विचारलं, उद्या भाजी कोणती आणायची.